मोठ्या हातांची बाई

मास्तरांवर काहीतरी लिहून द्या म्हणून एक तरुण प्राध्यापक गेले तीन महिने माझ्या मागं लागलेत. ते चित्रकला शिकवतात. मास्तर म्हणजे आपल्या मराठवाड्यातले पहिले अभिव्यक्तिवादी, माणसांच्या आकृत्या रंगवणारे, असं ते भाषणात म्हणाले आणि मी पहिल्या रांगेत बसून मान हलवली. मास्तर असते तर हसले असते. नांदेडच्या शाळेत त्यांना सगळे तोंडावर ड्रॉइंग मास्तर म्हणायचे आणि पाठीमागं वाकडे मास्तर, कारण त्यांनी काढलेली माणसं वाकडी असायची.

प्राध्यापकांना आठवणी हव्यात. मास्तर कुठं बसून रंगवायचे, काय खायचे, कुणाला गुरू मानायचे. तसलं मी दोन पानं लिहिलं आणि फाडून टाकलं. मास्तरांविषयी मी आयुष्यात एकच मजकूर असा लिहिला की ज्याचा काही परिणाम झाला. ती एक सरकारी टिपणी होती. अजून कुठल्यातरी दप्तरात पडून असेल. तिच्यात चार मुद्दे होते आणि पहिला मुद्दा असा होता, की चित्रातल्या बाईचे हात शरीराच्या मानाने अवाजवी मोठे आहेत.

ती बाई माझी आई होती. हे मुद्द्यांत नव्हतं.

तेव्हा आता नीट पहिल्यापासून सांगतो. लाज वाटते असं म्हणायची आपल्याकडं पुरुषाला सवय नसते. तो वाईट वाटतं म्हणतो, चूक झाली म्हणतो, परिस्थितीच तशी होती म्हणतो. मला लाज वाटते. हे एकदा लिहून टाकलं म्हणजे पुढचं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण तसं काही दिसत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी नांदेडला कॉलेजात होतो. आमचं गाव भोकर तालुक्यात. जमीन बऱ्यापैकी, पण सगळी कोरडवाहू. घरची बाई कधी दुसऱ्याच्या बांधावर कामाला गेली नाही, हीच आमच्या घराची खरी इस्टेट होती आणि दुष्काळात नेमकी तीच आधी गेली. पण गेली हे दिसता कामा नये. म्हणून आमच्यासारख्या घरांतल्या बाया आपल्या गावच्या सरकारी कामावर जायच्या नाहीत. बहिणीच्या नाहीतर मावशीच्या गावाला चार दिवस राहायला जाते म्हणून निघायच्या आणि तिथल्या तलावाच्या कामावर खडी फोडायला बसायच्या. तोंडावर पदर. मस्टरवर नाव माहेरचं, किंवा सुचेल ते. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं. विचारायचं मात्र कुणी नाही, कारण विचारणाऱ्याची बायकोही कुठल्यातरी बहिणीकडं गेलेली असायची.

माझी आई अशीच मावशीच्या गावाला गेली होती, हदगावच्या बाजूला. एका रविवारी मी गावी गेलो तर घराला कुलूप. वडील पारावर बसलेले. त्यांनी माझ्याकडं न बघताच सांगितलं, की ती मावशीकडं गेलीय, मावशीला बरं नाही. मी तसाच एसटीनं मावशीच्या गावच्या फाट्यावर उतरलो. फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्यालाच तलावाचं काम चालू होतं. उन्हानं डोळे उघडवत नव्हते. पांढऱ्या खडीचे ढीग आणि ढिगांपुढं बायांच्या रांगा, सगळ्यांच्या हातात हातोडी. मला आई पाठमोरी दिसली. ती डावा खांदा जरा खाली टाकून बसते. जात्यावर, चुलीपुढं, कुठंही तशीच बसते. हजार बायांत मी तिला पाठीवरून ओळखलं असतं.

ती वळली. तिनं मला पाहिलं. पदर पुढं ओढला नाही की हात वर केला नाही, नुसती बघत राहिली. मी खाली वाकलो, चपलेचा अंगठा तुटल्यासारखं केलं, चप्पल हातात घेऊन उलटी सुलटी करून पाहिली आणि मग जणू आता चालणं शक्यच नाही अशा थाटात फाट्याकडं परत फिरलो. चपलेला काहीही झालेलं नव्हतं. नांदेडची गाडी यायला बराच वेळ होता आणि तेवढा वेळ मी फाट्यावरच्या हॉटेलाच्या मागच्या बाजूला उभा होतो.

पुढं ती घरी आली तेव्हा तिच्या डाव्या हाताचं पहिलं बोट वाकडं झालेलं होतं, नख काळंनिळं. दारात सापडलं, म्हणाली. हळद लावली का, मी विचारलं. लावली, म्हणाली. त्या रविवाराबद्दल आमच्यात झालेलं एवढंच बोलणं.

शिक्षण संपल्यावर मला नांदेडच्या एका शाळेत कारकुनाची जागा मिळाली. मास्तर तिथं चित्रकला शिकवायचे. माझ्याहून सहासात वर्षांनी मोठे, काळेसावळे, उंच, बोलताना समोरच्याच्या हातांकडं बघायची सवय. त्यांचं गाव हदगाव तालुक्यातलं. ते शाळकरी होते तेव्हा घरच्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. चित्रकलेच्या ओढीनं हैदराबादला गेले, दोन वर्षं शिकले आणि वडील आजारी पडले म्हणून शिक्षण टाकून परत आले. तिथल्या ग्रंथालयात त्यांना एक जाडजूड परदेशी पुस्तक सापडलं होतं. त्यात माना लांबलेली, चेहरे खेचलेली, तोंडं वासलेली माणसं होती. मास्तर रोज त्यातलं एक चित्र पेन्सिलीनं उतरवून घ्यायचे. गंमत अशी, की पुस्तक होतं काळंपांढरं. मूळ चित्रांचे रंग कसे होते हे मास्तरांनी आयुष्यात कधी पाहिलं नाही. रंग त्यात नव्हतेच बाबू, ते मी घरून आणले, असं ते मला सांगायचे. बाबू म्हणजे मी, कारण मी कारकून.

वर्गात मात्र ते पोरांना परीक्षेपुरतं अगदी सरळ शिकवायचे. घडा, पान, उभा माणूस. उभा माणूस साडेसात डोकी उंच. मी स्वतः चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा वरच्या श्रेणीत पास झालो होतो, त्यामुळं साडेसात डोकी हे मला वेदवाक्य. संध्याकाळी मात्र मास्तरांच्या खोलीवर गेलं की तिथं एकही माणूस साडेसात डोक्यांचा नसायचा. कुणाचं डोकं हरभऱ्याएवढं आणि पाय खांबासारखे. कुणाला डोळेच नाहीत. तोंडं हिरवी. हिरवी का, मी एकदा विचारलं. तर म्हणाले, दिवसभर उन्हात पांढऱ्या खडीकडं बघ आणि मग माणसाच्या तोंडाकडं बघ, तुला दुसरा रंग दिसला तर मला येऊन सांग.

कॅनव्हास म्हणजे मिलोची पोती. दुष्काळात परदेशातून जी लाल ज्वारी आली तिची. मास्तर पोतं उसवायचे, धुवायचे, त्याला खळ आणि चुना लावून वाळवायचे आणि पाट्या रंगवायच्या ऑइलपेंटनं त्यावर रंगवायचे. रंग वाळला की खालून इंग्रजी अक्षरं पुसट वर यायची. ती ते खोडत नसत. खाल्लंय आपण ते, राहू दे, म्हणायचे.

खडीचं त्यांना इतकं कसं ठाऊक, तर दुष्काळात ते मस्टर कारकून होते. बाया सांगतील ती नावं लिहायची, अंगठे घ्यायचे, आणि दुपारच्या सुट्टीत वाया गेलेल्या मस्टरच्या पाठीमागं त्याच बायांना पेन्सिलीनं काढायचं. कुठलं काम, मी विचारलं. त्यांनी तलावाचं नाव सांगितलं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि फडताळावरच्या बाटल्या बघत राहिलो.

मास्तर सांगत होते, की त्या मस्टरवरची निम्मी नावं खोटी होती. चांगल्या चांगल्या घरच्या बाया. लिहिताना त्यांना कळायचं, खरं नाव-गावही चार दिवसांत कळायचं, पण ते सांगितलेलंच लिहायचे. पोटासाठी मस्टरवर खोटं नाव चालते, ते म्हणाले, चित्रात न्हाई चालत. म्हणून त्यांची एक रीत होती. चित्र पुरं झालं की ते पोतं गुंडाळून त्या बाईच्या गावी घेऊन जायचे, मग ते गाव कितीही आडबाजूला असो. तिला चित्र दाखवायचे. तिला पटलं तर पाठीमागं तिचं खरं नाव लिहायचे, नवऱ्यासकट, गावासकट, आणि मस्टरसारखा तिचा अंगठा घ्यायचे. शाईची डबी त्यांनी त्यासाठी जपून ठेवली होती. बाई नको म्हणाली तर तिच्यासमोर ते पोतं तिच्याच चुलीत घालायचे. अंगठा नसलेलं चित्र मास्तरांनी कधी कुणाला दाखवलं नाही. ही रीत मला पक्की ठाऊक होती. हे इथंच सांगून ठेवतो, कारण पुढं मी ती विसरल्याचं सोंग घेतलं.

सातेक वर्षं मी त्यांच्याकडं जात होतो. त्यांच्या बायकोच्या हातची भाकरी मी खाल्ली, चहा तर रोजचाच. आणि मी त्यांच्या घरी खातोपितो याचा मला मनातल्या मनात अभिमान होता, यावरून माझी काय ती पायरी समजा. माझी आई त्या तलावावर होती हे मात्र मी सांगितलं नाही. रोज ठरवायचो आणि रोज रंगांवर बोलून परत यायचो.

मग मी सरकारी परीक्षा पास झालो, आणि थोड्याच दिवसांत लातूर नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती. इकडून तिकडून उचलून आणली, त्यात मीही होतो. लातुरात तेव्हा नुसती धांदल. कपाटं ट्रकमधून उतरतायत, खुर्च्यांवर जुन्या जिल्ह्याचे नंबर, आणि गावातले सगळे पेंटर पाट्यांवरचा जुना जिल्हा खोडून नवा लिहितायत. मी ज्या कचेरीत होतो तिचं नाव सांगत नाही, त्या कचेरीचा यात काही दोष नाही. तिथं एक नवं सभागृह बांधलं होतं आणि त्याच्या भिंती मोकळ्या होत्या. आमचे साहेब बाहेरगावचे, हौशी. ते म्हणाले, या भागातल्या चित्रकाराचं एखादं चांगलं चित्र मधल्या भिंतीवर लावू. उद्घाटनाला मुंबईहून कलेतले एक जाणकार येणार होते. ते मोठ्या प्रदर्शनासाठी चित्रं निवडत हिंडत होते.

मी छाती फुगवून मास्तरांचं नाव सांगितलं. खरंच फुगवून. मास्तरांना पत्रही मीच लिहिलं. त्यांचं एकही चित्र तोवर त्यांच्या खोलीबाहेर कुणी भिंतीला लावलेलं नव्हतं. एवढी वर्षं रंगवून एकही नाही. मास्तरांनी उलट टपाली उत्तर धाडलं, की एक चित्र तुझ्याच कचेरीसाठी राखून ठेवल्यासारखं आहे, पण आधी एका ठिकाणी जाऊन यावं लागेल.

ते नांदेडच्या गाडीनं आले, खांद्यावर पोत्याची गुंडाळी. स्टँडवर उतरले तेव्हा चेहरा असा, की पोरीचं लग्न ठरवून आलाय माणूस. सभागृहात साहेबांसमोर त्यांनी गुंडाळी सोडली आणि आम्ही दोघांनी दोन टोकं धरली.

दोन बाया होत्या. एक उभी राहून वरून घागरीतलं पाणी ओततेय, दुसरी उकिडवी बसून ओंजळीनं पितेय. मागं विटकरी आभाळ. पिणारीचं तोंड हिरवं, डोळे मिटलेले. आणि ओंजळ अशी, की अर्धं चित्र तिनंच व्यापलेलं, सुपाएवढे हात. डावा खांदा खाली. डाव्या हाताचं पहिलं बोट वाकडं, नख काळं. ओतणारीच्या पदराला मास्तरांनी निळा रंग दिला होता आणि तो निळा आपल्याकडं सगळ्यांना कळतो. तिचेही हात तेवढेच मोठे होते, पण ते मला पुष्कळ वर्षांनी दिसलं.

माझ्या हातातलं टोक सुटलं. मास्तरांनी ते उचलून परत माझ्या हातात दिलं.

साहेबांना चित्र फार आवडलं. ते दोनदा मागं जाऊन, डोळे बारीक करून बघून आले. हेच मधल्या भिंतीवर, म्हणाले. फक्त फाइल व्हायला हवी, मला उद्या टिपणी द्या. मास्तर खुशीत नांदेडला परतले, चित्र सभागृहात भिंतीला टेकवून.

त्या दिवशी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते लपवण्यात आता अर्थ नाही. उद्घाटनाला गावाकडचे लोक येणार, माझ्या सासुरवाडीचे येणार. ते खांदा ओळखतील, बोट ओळखतील. पाठीमागचं नाव कुणीतरी वाचेल. आमच्या घरची बाई खडीवर होती हे एक, आणि तिनं निळ्या पदराच्या बाईच्या हातचं पाणी पिलं हे दुसरं. यातलं दुसरं मला जास्त टोचत होतं. मास्तरांच्या घरी सात वर्षं जेवलेल्या माणसाला. मी स्वतःची अशी समजूत घातली, की आईला यातलं काही ठाऊक नसणार, तिचा अंगठा घेतलेला नसणार, मास्तरांनी या एका चित्रापुरती रीत मोडली असणार, म्हणजे मी जे करतोय ते तिच्याच अब्रूसाठी. चित्र भिंतीला टेकवलेलं होतं. उलटून बघायला दोन सेकंद लागले असते. मी उलटलं नाही.

टिपणी मी सकाळी लिहिली, चांगल्या अक्षरात. पहिला मुद्दा हातांचा, माणूस साडेसात डोक्यांचा असतो या आधारावर. दुसरा, चेहऱ्याचा हिरवा रंग रोगट असून नवनिर्मित जिल्ह्याच्या प्रगतीशी सुसंगत नाही. तिसरा, कापड धान्याच्या पोत्याचं असून त्यावर परकीय अक्षरं दिसतात. चौथा, दोन समाजांतील पाणी घेण्यादेण्याचा प्रसंग दाखवल्यानं उलटसुलट चर्चा होण्याची शक्यता नाकारता येत नाही. हा चौथा मुद्दा मला कुणी सुचवला नव्हता. तो माझा. साहेबांनी तीन मुद्दे हसत वाचले आणि चौथ्याला त्यांचं हसू थांबलं. नव्या जिल्ह्यात, नव्या खुर्चीवर, चर्चा कुणाला हवी असते. त्यांनी थोडा वेळ पेन नुसतं धरलं आणि मग सही केली. मधल्या भिंतीवर एका पेंटरकडून हिरवं शेत आणि बैलजोडी काढून घेतली. बैल अगदी प्रमाणात होते.

मास्तर चित्र न्यायला आले तेव्हा मी त्यांना टेबलापाशीच गाठलं. साहेबांना हात जरा मोठे वाटले, मी म्हणालो. त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं.

"आन् तुला कसे वाटले, बाबू?"

"मलाही तसंच वाटलं."

"हाव का," ते म्हणाले. एवढंच. मग सावकाश गुंडाळी केली, सुतळी बांधली. मी चहा सांगतो म्हणालो. नको, गाडी हाय, म्हणाले. पण गाडीला वेळ होता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

उद्घाटनाच्या दिवशी आई आली. न कळवता, एकटी, नांदेडला गाडी बदलून. माझ्या कचेरीत ती त्याआधी कधी आली नव्हती. लग्नाकार्यात नेसायचं लुगडं नेसली होती आणि केसांना तेल लावून आली होती. मी वैतागलोच. पाहुणे होते, मुंबईचे जाणकार होते, त्यांनी बैलजोडीकडं एकदा बघून घड्याळ बघितलं होतं. आईला मी दुपारपर्यंत माझ्या टेबलामागं स्टुलावर बसवून ठेवलं. गर्दी ओसरल्यावर विचारलं, काय काम काढलंस. तर म्हणाली, काम काही न्हाई, तुझं ते नवं दालन दाखव.

मी तिला सभागृहात नेलं. ती दारातून सुरू करून एकेक भिंत बघत गेली. बैलजोडीपुढं थांबली. मग उरलेल्या भिंतीही पाहिल्या, खिडक्यांच्या मधली जागासुद्धा.

"एवढेच हायेत का फोटो?"

"हाव. एवढेच."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. मला वाटलं, पंख्याचा वारा सोसवत नसेल. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. राहा म्हणालो, राहिली नाही.

मास्तरांचं माझं बोलणं त्यानंतर तुटलं. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, कुणीतरी मध्ये पडून मिटवलं असतं. ऐकायला यायचं, की ते आता योजनांच्या पाट्या रंगवतात, कुटुंब नियोजन, अल्पबचत, सगळी माणसं साडेसात डोक्यांची. पोत्यावरची चित्रं त्यांनी पुढं फारशी काढली नाहीत. त्या जाणकाराला दुसऱ्या कुणाकडून कळून तो कधी त्यांच्या खोलीवर गेला, असंही झालं नाही. माणसाला एकच संधी येते असं मी म्हणत नाही. मास्तरांना आलेली तेवढी एकच माझ्या माहितीची आहे.

त्यानंतर दहाएक वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी नांदेडला गेलो तेव्हा दिवस होऊन गेले होते. त्यांच्या बायकोनं मला आत घेतलं, पाणी दिलं. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीशेजारी मास्तरांचा फोटो होता, परीक्षेच्या अर्जावर लावतात तसला. बरीच चित्रं छत गळून खराब झाली होती. जी टिकली ती पुढं या प्राध्यापकांनी शोधून काढली, तीच त्यांनी भाषणात दाखवली. पण एक गुंडाळी बाईंनी ट्रंकेतून वेगळी काढून माझ्यापुढं ठेवली. सुतळीही तीच होती.

"हे तुमचं हाय म्हणाले. लई वर्सं सांगून राहिले होते, तो येईल, त्याला द्या."

मी ती गुंडाळी तिथं सोडली नाही. लातूरच्या गाडीत मांडीवर धरून बसलो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. शेवटी न राहवून कोपरा उलगडला, आणि तो मागच्या बाजूचा निघाला.

मास्तरांचं मस्टरवरचं अक्षर. वर ओतणारीचं नाव, गाव आणि अंगठा, आणि खाली आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आमचं गाव. माहेरचं नाव नाही, खोटं नाव नाही. त्याखाली एक ओळ, 'मुलाच्या कचेरीत लावायला हरकत नाही.' त्याखाली अंगठा. निळ्या शाईचा, घट्ट दाबलेला, सगळ्या रेषा उमटलेल्या.

म्हणजे आधी एका ठिकाणी जाऊन यावं लागेल असं जे त्यांनी लिहिलं होतं, ते ठिकाण आमचं घर होतं. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी हे पोतं उलगडलं होतं. आणि ती लुगडं नेसून, दोन गाड्या करून, आपलं चित्र बघायला आली होती. मी तिला बैल दाखवले. मास्तरांना पहिल्या दिवसापासून माझं आडनाव आणि गाव ठाऊक होतं. सात वर्षं ते माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होते. गाडीत बाजूचा माणूस मला, बरं वाटत नाही का, असं विचारत होता.

आई तेव्हा आमच्याकडंच राहायला होती. नजर गेली होती, अगदी जवळ धरल्याशिवाय काही दिसायचं नाही. मी चित्र तिच्या पलंगावर पसरलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग चित्रातल्या ओंजळीवर तिनं स्वतःचा हात ठेवला, वाकड्या बोटावर वाकडं बोट.

"बारीक काढले हात," ती म्हणाली. "त्या दिसी लई सुजले व्हते. हातोडी सुटंना. तिनं पाणी पाजलं म्हणून जगले."

तिनं हात उचलला नाही.

"मंग मी लातूरला आले तवा हे कुठं व्हतं?"

साहेबांनी नको म्हटलं, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. इतकी वर्षं ते मी तयारच ठेवलं होतं.

"मीच लावू दिलं नाही," मी म्हणालो. "लाज वाटली म्हणून."

ती माझ्याकडं तोंड करून बघत राहिली, तलावावर पाहिलं होतं तशीच. आता तिला माझा चेहरा दिसत नव्हता, हे मला बरं वाटलं. मग तिनं पलंगावरची जागा चाचपून पदर सारखा केला आणि म्हणाली, लाव आता.

कुठं लावू, मी विचारलं. आतल्या खोलीत तुझ्या पलंगासमोर लावतो म्हणालो, म्हणजे तुला रोज बघता येईल.

"मला कुठं दिसतंय," ती म्हणाली. "दारासमोर लाव. येणाऱ्याला दिसलं पाहिजे."

मी स्टूल आणलं, हातोडी आणली आणि दारासमोरच्या भिंतीवर जागा धरली. खिळा ठोकताना माझ्या मनात रविवारी सासुरवाडीची माणसं येणार आहेत, ती काय म्हणतील, एवढंच चाललं होतं. तेही इथं लिहून ठेवतो.